लिनक्सवर नेटवर्क प्रिंटर : लाइन जाऊन आली की प्रिंट बंद (नागपूर)

अभ्यासिका_नंदनवन
नमस्कार मंडळी. नंदनवनात आमची छोटी अभ्यासिका आहे. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा देणारी पोरं-पोरी पहाटेपासून येऊन बसतात. लोकांनी दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स मिंट टाकलं आहे, कोपऱ्यातल्या एका मशीनवर डेबियन आहे. लेझर प्रिंटर एकच. तो राउटरला केबलने जोडलेला आहे.

एका दुकानातून मुलगा येऊन प्रिंटर जोडून गेला. चालतो छान. पण लाइन जाऊन आली की सगळ्या मशीनवर प्रिंट अडकतात आणि प्रिंटरच्या नावापुढे 'थांबवलेला' असं दिसतं. काढून परत जोडला की सुरू होतो, पुढच्या वेळी लाइन गेली की पुन्हा तेच. मे महिन्यात संध्याकाळी वादळ आलं की लाइन जातेच, तुम्हाला माहीतच आहे. हॉलतिकीट काढायच्या दिवशी पोरी रांगेत उभ्या राहतात आणि प्रिंटर गप्प. दुसरं म्हणजे पोरांच्या मोबाइलमध्ये हा प्रिंटर दिसतच नाही. कायमचा इलाज सांगा.

मिहान_सिसॅडमिन
दादा, प्रिंटर परत काढून जोडू नका. आता बंद पडला की तसाच राहू द्या आणि दोन गोष्टी इथे टाका.

एक, टर्मिनलमध्ये 'एलपीस्टॅट -टी' चालवून जे येईल ते. दुसरी, प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पान. बहुतेक लेझर प्रिंटरवर पुढचं एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की ते पान आपोआप छापून येतं. त्यावर आयपी अ‍ॅड्रेस आणि मॅक अ‍ॅड्रेस असतो. आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मॅक म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा नंबर. दोन्ही कागद शेजारी ठेवले की अर्धं उत्तर मिळतं.

सदर_रिपेअर
एवढं कशाला? कंपनीच्या साइटवरून लिनक्सचा ड्रायव्हर उतरवा, सगळ्या मशीनवर टाका. आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न ड्रायव्हरने सुटतात.

अभ्यासिका_नंदनवन
काल संध्याकाळी लाइन गेली होती, आज सकाळी प्रिंटर बंदच. एलपीस्टॅटमध्ये डिव्हाइसच्या ओळीत आलं : सॉकेट, १९२.१६८.१.४, पोर्ट ९१००. खाली लिहिलं आहे की प्रिंटर डिसेबल्ड आहे. आणि प्रिंटरने छापलेल्या पानावर आयपी आहे १९२.१६८.१.११. हे दोन वेगळे काहून?

मिहान_सिसॅडमिन
हाच तुमचा रोग. ड्रायव्हरचा इथे काही संबंध नाही.

राउटर प्रत्येक मशीनला आयपी अ‍ॅड्रेस वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. लाइन गेली की राउटरही बंद. घरगुती राउटरांपैकी पुष्कळांना परत सुरू झाल्यावर आधी कोणाला कोणता अ‍ॅड्रेस दिला होता ते आठवत नाही. मग जो आधी मागेल त्याला आधीचा. प्रिंटर जागा व्हायला वेळ लावतो, तोवर एखाद्या पोराच्या मोबाइलने ४ नंबर घेतलेला असतो आणि प्रिंटरला ११ मिळतो. कॉम्प्युटर मात्र अजून ४ नंबरचं दार ठोठावतात. तिथून उत्तर येत नाही. मग कप्स, म्हणजे लिनक्समधलं छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर, काय करतं? ठरलेल्या धोरणाप्रमाणे रांगच थांबवून टाकतं. म्हणून प्रिंटर नंतर सापडला तरी रांग बंदच राहते, कोणीतरी हाताने उघडेपर्यंत.

म्हणजे दुखणी दोन आहेत, अ‍ॅड्रेस बदलतो आणि रांग थांबते. दोन्ही मिटवावी लागतील.

अ‍ॅड्रेसचं काम राउटरमध्ये करा. त्याच्या पानावर लॉगिन करून 'अ‍ॅड्रेस रिझर्वेशन' शोधा. कॉन्फिगरेशन पानावरचा मॅक अ‍ॅड्रेस तिथे भरा आणि त्याला एक आयपी कायमचा बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. प्रिंटरच्या मेनूत स्थिर आयपी टाकायचा मोह होतो, पण तो राउटरच्या वाटपातल्या पट्ट्यात आला तर उद्या तोच नंबर दुसऱ्याला मिळेल आणि दोघंही भांडतील. रिझर्वेशन केलं की हा प्रश्नच येत नाही.

मग प्रिंटर बंद-चालू करा, नवीन पान छापा, ५० नंबर आला का बघा. आला की जुनी रांग काढून नवी अशी जोडा (यातलं आयपीपी म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्या बोलण्याची प्रमाणित पद्धत) :

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी वाचन -ई -व्ही आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

यातल्या '-ई'कडे लक्ष द्या, ती कॅपिटल ई आहे. '-पी' आणि नावाच्या नंतर लिहिली तर तिचा अर्थ 'रांग सुरू कर आणि कामं स्वीकार' असा होतो. तीच आधी लिहिली तर 'सर्व्हरशी एन्क्रिप्टेड बोल' असा होतो आणि रांग बंदच राहते. भले भले इथे अडकतात. आणि ही कमांड देताना प्रिंटर चालू पाहिजे, कारण 'एव्हरीव्हेअर' म्हटलं की कप्स त्याच क्षणी प्रिंटरलाच त्याची माहिती विचारतं.

रांगेचं धोरण बदलायला :

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी वाचन -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रिट्राय-जॉब

आता प्रिंटर सापडला नाही तर रांग थांबणार नाही, काही वेळाने तेच काम पुन्हा पाठवलं जाईल. कप्सची मूळ मूल्यं ३०० सेकंदांचं अंतर आणि ५ प्रयत्न अशी आहेत. लाइन तासभर जात असेल तर कप्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे कप्सडी.कॉन्फमध्ये, जॉबरिट्रायलिमिट वाढवून ठेवा.

सदर_रिपेअर
अ‍ॅड्रेसचं पटलं. पण ड्रायव्हर न टाकता नुसतं 'एव्हरीव्हेअर' म्हणून प्रत्येक प्रिंटर चालत नाही भाऊ. गिऱ्हाइकाला टोनर किती उरला, दोन्ही बाजूंनी छापायचं, हे सगळं पाहिजे असतं. ते कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये मिळतं.

टर्मिनल_ताई
प्रत्येक चालत नाही हे खरं आहे. म्हणूनच अंदाज बांधण्याऐवजी प्रिंटरलाच विचारायचं. कप्ससोबत आयपीपीटूल नावाचं साधन येतं (डेबियनवर कप्स-आयपीपी-युटिल्स पॅकेजमध्ये). त्याला प्रिंटरचा पत्ता आणि 'गेट-प्रिंटर-अ‍ॅट्रिब्यूट्स' ही चाचणी द्यायची. प्रिंटर स्वतःबद्दल शेकडो ओळी सांगतो. त्यातल्या 'डॉक्युमेंट-फॉरमॅट-सपोर्टेड' या ओळीत पीडीएफ, पीडब्ल्यूजी-रास्टर किंवा युआरएफ यांपैकी काही दिसलं तर ड्रायव्हरची गरज नाही, विषय संपला. युआरएफ हा एअरप्रिंटचा फॉरमॅट आहे. २०१० साली आयफोनसाठी एअरप्रिंट आलं, आणि मोबाइलवर ड्रायव्हर टाकता येत नाही म्हणून कंपन्यांना प्रिंटरमध्येच ही समज घालावी लागली. त्याचा फायदा आज लिनक्सवाल्यांना आयता मिळतो आहे.

टोनर आणि दोन्ही बाजूंचंही तिथेच कळतं. 'मार्कर-लेव्हल्स'मध्ये टोनर, 'साइड्स-सपोर्टेड'मध्ये दुहेरी छपाई, 'प्रिंटर-स्टेट-रीझन्स'मध्ये कागद संपला की झाकण उघडं आहे ते. ड्रायव्हरमुळे जे मिळतं असं आपण समजतो, त्यातलं पुष्कळसं प्रिंटर स्वतःच सांगत असतो, फक्त त्याच्याशी आयपीपीने बोलावं लागतं. पोर्ट ९१०० वर नुसता डेटा ढकलायचा, तिकडून अशी सविस्तर खबर येत नाही. त्या दुकानातल्या मुलाने ९१०० निवडला म्हणून तुमच्या कॉम्प्युटरना कागद संपल्याचंही नीट कळत नसेल.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की २०१० नंतरचा नेटवर्क प्रिंटर असेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी ही चाचणी कराच. कंपनीचा ड्रायव्हर कधीतरी नव्या आवृत्तीसाठी निघायचा थांबतो, आणि मग चांगला प्रिंटर भंगारात जातो. अभ्यासिकेसारख्या ठिकाणी हे परवडत नाही.

धरमपेठ_युनिक्स
ताईंच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. मी नोकरीत असताना बर्कले युनिक्सच्या एलपीडीवर, म्हणजे कप्सच्या आधीच्या छपाई व्यवस्थेवर, काम केलं आहे. इटीसी-मधल्या प्रिंटकॅप फाइलमध्ये कोलन लावत लावत एकेका प्रिंटरची नोंद लिहायची. दुसरीकडे युनिक्सच्या दुसऱ्या शाखेचा, सिस्टिम फाइव्हवाल्यांचा एलपी. एलपीआर पाठ असलेल्या माणसाला एलपीच्या मशीनवर बसवलं की पुन्हा शिकायची पाळी. एलपीडीचा प्रोटोकॉल १९९० साली आरएफसी ११७९ म्हणून लिहिला गेला, पोर्ट ५१५. त्यात दोन्ही बाजूंनी छाप किंवा ए४ वर छाप हे सांगायची प्रमाणित सोयच नव्हती.

मायकेल स्वीट यांनी १९९७ साली कप्स लिहायला घेतलं आणि १९९९ मध्ये ते बाहेर आलं, तेव्हा त्यांनी पायाच आयपीपीचा घेतला. एलपी आणि एलपीआर या दोन्ही कमांड वर ठेवल्या, म्हणून आज कोणतीही टाइप करा, आतून कप्सच बोलतं. २००२ मध्ये अ‍ॅपलने ते मॅकमध्ये घेतलं. सध्या लिनक्ससाठीचं काम ओपनप्रिंटिंग गट बघतो, आणि पुढच्या कप्स ३ मध्ये जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर, म्हणजे पीपीडी फाइल, राहणारच नाहीत असं त्यांनी जाहीर केलं आहे. जुन्या प्रिंटरांसाठी 'प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन' नावाचा वेगळा मार्ग आहे. तेव्हा आज नवी रांग बनवत असाल तर आयपीपीचीच बनवा, पुढे काम वाचेल.

अभ्यासिका_नंदनवन
रिझर्वेशन केलं, नवी रांग जोडली, धोरण बदललं. मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला. राउटर आला, प्रिंटर आला, ५० नंबरच मिळाला, आणि मधल्या वेळात पाठवलेलं पान आपोआप छापून निघालं! सगळ्यांचे मनापासून आभार.

एक नवीन गोष्ट दिसून राहिली. दोन मशीनवरून प्रिंट दिली की प्रिंटरवर नारिंगी दिवा लुकलुकतो आणि तो थांबतो. बटण दाबलं की छापतो. बाकी मशीनवरून असं होत नाही.

टर्मिनल_ताई
त्या दोन मशीनवर कागद 'लेटर' निवडलेला असणार. इन्स्टॉल करताना भाषा अमेरिकन इंग्रजी घेतली की असं होतं. लेटर २१६ गुणिले २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० गुणिले २९७. फाइल लेटरची आली, ट्रेमध्ये ए४ आहे, म्हणून प्रिंटर बिचारा दिवा लावून लेटरचा कागद मागतो. तो आपल्याकडे कोणाच्या कपाटात असणार?

त्या मशीनवर : सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी वाचन -ओ मीडिया=ए४. लिबर ऑफिसमध्ये पानाची मांडणीही तपासा, कारण फाइलच लेटरची असेल तर ती तशीच जाईल. आणि कागद वाचवायचा असेल तर याच पद्धतीने साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज लावून ठेवा, सरावाचे पेपर दोन्ही बाजूंनी निघतील.

अभ्यासिका_नंदनवन
लेटरच होता ताई. दोन्ही ठीक झाले. आता फक्त मोबाइलचं राहिलं.

मिहान_सिसॅडमिन
पोरं कोणत्या वायफायवर आहेत? गेस्ट नेटवर्कवर असतील तर प्रिंटर दिसणारच नाही. मोबाइल प्रिंटर शोधतो ते एमडीएनएसने, यूडीपी पोर्ट ५३५३ वर. ही हाक एकाच नेटवर्कात ऐकू जाते, दुसऱ्या सबनेटमध्ये जात नाही. शिवाय गेस्ट वायफाय मुद्दाम असं बनवलेलं असतं की त्यावरच्या मशीनना आतलं काही दिसू नये.

गेस्ट बंद करून सगळ्यांना मुख्य वायफायवर घेऊ नका. त्यापेक्षा पोरांनी फाइल अभ्यासिकेच्या मेलवर पाठवावी आणि डेबियनच्या मशीनवरून छापावी. एक काम मात्र आवर्जून करा. राउटरवर ६३१ (आयपीपीचं) किंवा ९१०० पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडा नाही ना, हे बघा. घरून प्रिंट देता यावी म्हणून काही जण तसं करून ठेवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्डमधल्या (नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधून जोडणारी सर्व्हिस) त्रुटी जाहीर झाल्या. तो यूडीपी ६३१ वर कोणाचंही ऐकून खोटा प्रिंटर जोडून घेत होता, आणि त्या प्रिंटरवर कोणी काम पाठवलं की हल्लेखोराची कमांड चालायची. अपडेट निघाली आहेत, ती घ्या. तुमची रांग थेट आयपीपीने जोडलेली आहे, म्हणजे तुम्हाला कप्स-ब्राउज्ड लागतच नाही. सर्व्हिस बंद केली तरी काही अडणार नाही.

सिव्हिललाइन्स_टायपिंग
इथेच विचारतो. माझ्याकडे लेझरजेट १०२० आहे, यूएसबीचा. नेटवर्कचं पोर्ट नाही. कामं कोर्टाची, त्यामुळे लीगल कागदही लागतो. तीन टेबलांवरच्या लिनक्स मशीनवरून प्रिंट देता येईल का?

धरमपेठ_युनिक्स
येईल. ज्या मशीनला तो जोडला आहे तीच तुमची प्रिंट सर्व्हर. हा प्रिंटर स्वतः काही समजत नाही, आणि बंद करून चालू केला की त्याचं फर्मवेअर दरवेळी कॉम्प्युटरमधून पाठवावं लागतं. त्याची रचनाच तशी आहे. म्हणून त्या एका मशीनवर ड्रायव्हर लागेलच, एचपीलिप आणि त्याचं प्लगइन, किंवा फू२झेडजेएस. दोन्ही एकदम टाकू नका. एचपीलिप घेतलं तर ते अपडेट झाल्यावर एचपी-प्लगइन पुन्हा चालवा, कारण प्लगइनची आवृत्ती जुळावी लागते. सदर_रिपेअर यांचं म्हणणं इथे बरोबर लागू पडतं.

मग त्या मशीनवर 'कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स' चालवा आणि फायरवॉलमध्ये आतल्या नेटवर्कासाठी टीसीपी ६३१ आणि यूडीपी ५३५३ उघडा. बाकीच्या टेबलांवर ड्रायव्हर टाकायचा नाही. त्यांना तो प्रिंटर आयपीपीचा म्हणूनच दिसेल. लीगलसाठी प्रिंट देताना मीडिया=लीगल. हीच निवड कायमची करू नका, नाहीतर साधं पत्रसुद्धा लीगलवर जाईल. त्यापेक्षा त्याच प्रिंटरच्या दोन रांगा करा, एक ए४ची, एक लीगलची. टायपिस्टला नाव बघून कळतं.

बीएसडी_हिंगणा
फ्रीबीएसडीवर कोणी करत असेल तर एक सांगतो. कप्सची सगळी कॉन्फिगरेशन यूएसआर/लोकल/इटीसी/कप्स मध्ये असते. आणि मूळ सिस्टिममध्ये जुना एलपीआर यूएसआर/बिन मध्ये बसलेलाच असतो, तो पाथमध्ये आधी येतो. वेब पानावरून चाचणी पान निघतं आणि टर्मिनलमधून एलपीआर केलं की प्रिंटर नाही म्हणतो, तेव्हा कारण हेच. पूर्ण पाथ देऊन यूएसआर/लोकल/बिन मधला चालवा.

सदर_रिपेअर
माझ्याकडून एक, कॉम्प्युटरचं नाही पण नागपूरचं आहे. उन्हाळ्यात कूलरच्या हवेत कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका. ती हवा ओली असते. कागद दमट होतो, फ्यूझरच्या (टोनर तापवून कागदावर बसवणारा भाग) उष्णतेत वळतो आणि मागच्या दारापाशी अडकतो. लोक रोलर बदलायला घेऊन येतात. मी आधी त्यांचा कागद हातात घेऊन बघतो, कडक कुरकुरीत लागला पाहिजे, मऊ पडला असेल तर रोलरला हातही लावत नाही. गठ्ठा त्याच्या वेष्टनात ठेवा, ट्रेमध्ये दिवसाला लागेल तेवढाच घाला.

अभ्यासिका_नंदनवन
आमचा ट्रे नेमका कूलरच्या समोर आहे. आजच जागा बदलतो भाऊ.

आणि मराठीचं विचारायचं राहिलं. चालू घडामोडींच्या नोट्स आम्ही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. थेट एलपीने पाठवल्या की काना-मात्रा सुटे पडतात, जोडाक्षरं तुटतात. तीच फाइल लिबर ऑफिसमध्ये उघडून छापली तर व्यवस्थित येते.

टर्मिनल_ताई
लिबर ऑफिस अक्षरांची जुळणी स्वतः करून, फॉन्ट आत घालून पीडीएफ पाठवतं. साधी टेक्स्ट फाइल गेली की ते काम कप्सच्या फिल्टरवर येतं, आणि एकामागे एक अक्षर ठेवणारा फिल्टर देवनागरीला पुरत नाही. पॅप्स नावाचं छोटं पॅकेज टाका. ते पँगो, म्हणजे अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी, वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात. पॅप्सला फॉन्टचं नाव द्यायचं, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरी १२, आणि त्याचं आउटपुट पाइप करून एलपीला. छोटी स्क्रिप्ट करून ठेवली की पोरांना फक्त फाइलचं नाव द्यावं लागेल.

आता माझा एक प्रश्न दादा. पोरं तिथे काय काय छापतात?

अभ्यासिका_नंदनवन
हॉलतिकीट, आधार, जातीचा दाखला, मार्कशीट, बँक पासबुकाचं पहिलं पान. सगळंच. डेबियनच्या मशीनवर एकाच लॉगिनवर सगळे बसतात.

टर्मिनल_ताई
मग हे करायलाच पाहिजे. छापून झालेल्या कामाची फाइल कप्स लगेच पुसत नाही. प्रिझर्वजॉबफाइल्सचं मूळ मूल्य ८६४०० सेकंद आहे, म्हणजे एक दिवस ती व्हार/स्पूल/कप्स मध्ये पडून राहते. कागद अडकला तर पुन्हा छापता यावा यासाठी ही सोय आहे, घरी ती कामाची आहे. पण तुमच्याकडे प्रशासकाचा पासवर्ड ज्याला माहीत आहे तो दिवसभरातले सगळ्यांचे आधार तिथून उघडू शकतो, किंवा पूर्ण झालेलं काम परत छापू शकतो. मुलींचे पत्ते आणि फोन नंबर त्यात असतात.

कप्सडी.कॉन्फमध्ये 'प्रिझर्वजॉबफाइल्स नो' ही ओळ घाला आणि कप्स रीस्टार्ट करा. आधीची साचलेली काढायला 'कॅन्सल -ए -एक्स', यातला एक्स फाइलही पुसतो. आणि ते समाईक लॉगिन सुडो आणि एलपीअ‍ॅडमिन गटात असेल तर तिथून काढा, व्यवस्थापनासाठी वेगळं खातं करा. छापण्यासाठी त्या गटांची गरज नसते. ब्राउझरमध्ये आधार उघडून ठेवलेला राहतो ते वेगळंच, त्यासाठी समाईक खात्यावर ब्राउझर बंद होताच सगळं पुसलं जाईल असं सेटिंग ठेवा आणि डाउनलोड फोल्डर रोज रात्री रिकामं करा.

अभ्यासिका_नंदनवन
ताई, स्पूलमध्ये जाऊन बघितलं. डी अक्षराने सुरू होणाऱ्या फाइलींची यादी मोठी होती. नो केलं, रीस्टार्ट केलं, कॅन्सल चालवलं. आता एक चाचणी पान पाठवून परत बघितलं, डीची एकही फाइल उरली नाही. समाईक लॉगिनही दोन्ही गटांतून काढलं, पासवर्ड माझ्याकडे आणि संध्याकाळी बसणाऱ्या काकांकडेच आहे. पॅप्सची स्क्रिप्ट रविवारी करतो, अडलं तर इथेच विचारेन.